यवतमाळसारख्या जिल्ह्यात रग्बीची संघटना उभी करायची तर

पांढरकवडा तालुक्यातल्या एका क्रीडाशिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांच्या शाळेतली आणि शेजारच्या आश्रमशाळेतली पोरं-पोरी काही वर्षांपासून रग्बी खेळतात. गावातली मंडळी म्हणतात, जिल्हा असोसिएशन नोंदवून टाका. नागपूरचे एक ओळखीचे म्हणतात, जिल्ह्याचं काय घेऊन बसलात, क्रिकेटसारखी विदर्भाचीच वेगळी संघटना काढू. सरांना विचारायचंय की यातलं कोणाचं ऐकावं, पोरांच्या प्रमाणपत्राला पुढे नोकरीत किंमत येईल का, आणि सुरुवात कुठून करावी.

सर, विदर्भाचं आधी निकालात काढतो, कारण या एका हट्टापायी चांगल्या खेळांची वर्षं वाया गेलेली पाहिली आहेत.

विदर्भ क्रिकेट असोसिएशन वेगळी आहे, कबड्डीत आणि खो-खोत विदर्भाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत वेगळा उतरतो, हे खरं. पण ते आपण वेगळे आहोत म्हणून झालेलं नाही. त्या त्या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेच्या घटनेत विदर्भाला सभासद म्हणून जागा आहे, म्हणून झालं. क्रिकेटमध्येसुद्धा ही जागा पक्की नव्हती. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने ‘एक राज्य, एक मत’ मान्य केलं तेव्हा मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ यांपैकी मत एकाच्याच वाट्याला येणार होतं. 2018 च्या निकालात ते तिघांनाही परत मिळालं. रणजी करंडक जिंकणाऱ्या संघटनेची ही कथा. आपल्याकडे अजून गोलपोस्टला पाइप नाहीत.

रग्बीची साखळी सरळ आहे. वर डब्लिनमधली वर्ल्ड रग्बी; 1886 साली स्थापन झालेली, सध्याचं नाव 2014 पासूनचं. तिच्याखाली जगात सहा प्रादेशिक संघटना, त्यातली आपली एशिया रग्बी, 1968 सालची. तिची भारतातली सभासद म्हणजे 1998 साली स्थापन झालेली इंडियन रग्बी फुटबॉल युनियन, जिला आता सगळे रग्बी इंडिया म्हणतात. तिच्याखाली राज्य संघटना, आणि राज्य संघटनेखाली जिल्हा. या साखळीत जिल्ह्याच्या आणि राज्याच्या मधोमध ‘विदर्भ’ नावाची कडी कोणी स्वतःच्या मनाने घातली, तर वर तिला धरणारं कोणी नाही आणि खाली तिला कोणाचं ऐकून घ्यायचं कारण नाही. धर्मादाय कार्यालय नोंदणी देईल, त्याबद्दल शंका नको. पण नोंदणी वेगळी आणि संलग्नता, म्हणजे वरच्या संघटनेने आपलं म्हणून मान्य करणं, वेगळी. हा फरक न कळलेल्या संघटनांची लेटरहेडं विदर्भात प्रत्येक तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून झाली आहेत.

विदर्भ म्हणून एकत्र खेळायला मात्र कोणाची ना नाही. अकरा जिल्हे आहेत. क्रीडा खात्याने त्यांचे अमरावती आणि नागपूर असे दोन विभाग आधीच पाडलेले आहेत. राज्य संघटनेला पत्र देऊन, तिच्या परवानगीने विदर्भ विभागाची स्पर्धा भरवा, पंचांचं शिबिर नागपुरात घ्या, निवड चाचणीचा एक टप्पा इकडे मागा. पुण्या-मुंबईच्या चाचणीसाठी विदर्भ एक्स्प्रेसच्या नाहीतर महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात रात्र काढून सकाळी सहाला मैदानावर उतरणाऱ्या पोराकडून वेगाची अपेक्षा धरणं अन्याय आहे. ही मागणी रास्त आहे आणि ती साखळीच्या आत राहून करता येते.

बाहेरच्या देशांतलं सांगायचं तर आयर्लंडचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. तिथल्या युनियनच्या चार प्रांतिक शाखा आहेत: अल्स्टर, लेन्स्टर, मुन्स्टर आणि कोनाक्ट. कोनाक्ट पश्चिमेकडचा, विरळ वस्तीचा, पैशाने आणि खेळाडूंनी सगळ्यात गरीब. 2003 च्या जानेवारीत खर्च परवडत नाही म्हणून कोनाक्टचा व्यावसायिक संघच बंद करायचा प्रस्ताव डब्लिनच्या मुख्यालयातून पुढे आला. लोकांनी हिवाळी अधिवेशनावर निघतो तसा डब्लिनमध्ये मोर्चा काढला आणि प्रस्ताव मागे पडला. 2016 साली याच कोनाक्टने एडिनबराच्या अंतिम सामन्यात लेन्स्टरला 20-10 ने हरवून प्रो-12 स्पर्धा जिंकली. अनुशेषाच्या गोष्टी आपल्याला कोणी सांगायला नकोत, तरी लक्षात घेण्यासारखं हे की कोनाक्टवाले भांडले ते युनियनच्या आत राहून. 1885 पासूनची त्यांची शाखा होती, क्लब होते, नोंदी होत्या. बंद करायला निघालेल्यांना दाखवायला हातात काहीतरी होतं.

न्यूझीलंडमध्ये तर याहून चांगली सोय आहे. तिथे 26 प्रांतिक युनियन आहेत. त्यातल्या 12 ग्रामीण, हौशी युनियनांसाठी 2006 पासून हार्टलँड चॅम्पियनशिप ही वेगळीच स्पर्धा आहे, म्हणजे मेंढपाळ आणि दूधवाल्यांच्या संघाला ऑकलंडच्या पगारी संघासमोर उभं राहून मार खावा लागत नाही. आपल्या राज्य स्पर्धेत असा दुसरा गट असावा, ही मागणी विदर्भातल्या जिल्ह्यांनी मिळून करावी असं माझं मत आहे. पहिल्याच सामन्यात पन्नास गुणांनी हरलेला संघ पुढच्या वर्षी येत नाही.

आता प्रमाणपत्राचं. पालक रग्बीला हो म्हणतात ते यासाठीच, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. कापसाला भाव नाही तिथे पोराने निदान पोलीस भरतीला तरी लागावं, हे बापाला वाटणारच. शासनाच्या 1 जुलै 2016 च्या निर्णयानुसार खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. पण जिल्ह्यात पहिला आलो म्हणून ते मिळत नाही. वरच्या स्तरावर खेळावं लागतं आणि त्या त्या पदाच्या गटाप्रमाणे स्थान मिळवावं लागतं. त्यानंतर विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे प्रमाणपत्राची पडताळणी होते. तुमच्यासाठी ते कार्यालय अमरावतीला. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजल्यापासून ही पडताळणी कडक झाली आहे, आणि झाली ते बरंच झालं. तिथे सहीशिक्क्यापेक्षा मागचे कागद बघितले जातात: स्पर्धा कोणी घेतली, घेणारी संघटना वर कोणाला संलग्न होती, किती संघ उतरले, पोराचं नाव त्या वेळच्या खेळाडू यादीत होतं का. म्हणजे आज तुम्ही लिहून ठेवलेला स्कोअरशीट सात-आठ वर्षांनी एखाद्याच्या नोकरीचा पुरावा ठरू शकतो. तो वहीच्या फाटक्या पानावर लिहू नका.

इथे एक घोळ नेहमी होतो. शालेय क्रीडा स्पर्धा हा वेगळा रस्ता आहे. तो जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून सुरू होतो, 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग शालेय राष्ट्रीय. संघटनेचा रस्ता वेगळा: जिल्हा संघटना, राज्य संघटना, रग्बी इंडियाची राष्ट्रीय स्पर्धा. आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धा हा तिसराच, आदिवासी विकास खात्याचा. पांढरकवड्याला प्रकल्प कार्यालय आहेच, तिथे एकदा प्रदर्शनीय सामन्याची परवानगी मागून पहा. तुमच्या पोरांनी शालेय रस्त्याने आत्तापासूनच उतरावं, त्यासाठी असोसिएशन लागत नाही. मुख्याध्यापकांची सही आणि वेळेत केलेली ऑनलाइन नोंदणी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये पत्रक निघतं तेव्हा आपल्याकडे डवरण-निंदण चालू असते, पोरं शेतात असतात, आणि तारीख निघून जाते.

म्हणून माझा सल्ला: संघटना नंतर, सामने आधी. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. त्यातल्या चार-पाच तालुक्यांत प्रत्येकी एक खेळणारी शाळा किंवा क्लब उभा राहिला आणि ते वर्षातून दोनदा एकमेकांशी खेळले, की तुमच्याकडे संघटनेला लागणारा माल झाला. एकाच शाळेच्या दोन वर्गांवर जिल्हा संघटना उभी करणं म्हणजे त्या शाळेच्या सरांची बदली झाली की ती बंद. सेव्हन्स खेळा. सात-सात मिनिटांचे दोन डाव, सात खेळाडू आणि पाच राखीव. एका दिवसात सहा संघांची स्पर्धा आटोपते आणि पोरं संध्याकाळच्या एसटीने घरी पोहोचतात. ऑलिंपिकमध्ये 2016 पासून हाच प्रकार आहे, आणि आपल्या शालेय पातळीवर पंधरा जणांच्या रग्बीच्या मागे लागायचं काही कारण नाही.

खेळाडू कुठून आणायचे हा प्रश्न विदर्भात पडू नये. आट्यापाट्या खेळलेलं पोट्टं समोरच्याला चकवून कसं निघतं ते पाहिलं की त्याला साइडस्टेप शिकवायची लाज वाटते. कबड्डीच्या पोरांना मात्र जपून शिकवा. त्यांना पकड येते, भीती नसते, पण तीन सवयी मोडाव्या लागतात. कबड्डीत पकडलेल्याला सोडायचं नसतं. रग्बीत तो जमिनीवर पडला की लगेच सोडावं लागतं, नाहीतर दंड. कबड्डीतला ब्लॉक हात न वापरता अंगाने दिला तरी चालतो. रग्बीत दोन्ही हातांनी कवटाळल्याशिवाय दिलेला धक्का हा फाउल आहे. आणि खांद्याच्या रेषेच्या वर टॅकल, म्हणजे पकडून पाडणं, अजिबात नाही. डोकं नेहमी धावणाऱ्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या पार्श्वभागाला चिकटलेला. डोकं पुढून घातलं की गुडघा कपाळावर बसतो. निदान पहिला हंगाम टॅग किंवा टच रग्बी खेळवा, म्हणजे कमरेची पट्टी ओढायची किंवा नुसता हात लावायचा, टॅकल नाहीच. जिल्हा स्पर्धेचे नियम लिहाल तेव्हा 14 वर्षांखालच्या गटाला टॅकल नाही, असं लिहून टाका. पोरं कुरकुरतील, कुरकुरू द्या.

मैदानाबद्दल दोन गोष्टी. काळ्या मातीचं मैदान मार्चनंतर भेगाळतं आणि त्या भेगांत घोटे मुरगळतात. मुरुमाचं मैदान गुडघे-कोपरं सोलतं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ आपला, पण तेव्हाच कापसाची वेचणी असते आणि निम्मी पोरं रोजाने जातात. याला रामबाण उपाय कोणाकडे नाही. सराव सकाळी साडेसहाला ठेवा, सामने रविवारी नको तर बाजाराच्या दिवशी, जेव्हा वेचणी तशीही थांबलेली असते. गोलपोस्ट बांबूचे करता येतात: दोन खांबांत 5.6 मीटर अंतर, आडवी काठी जमिनीपासून 3 मीटरवर, आणि खांबाला खाली माणसाच्या उंचीपर्यंत जुनी गादी घट्ट बांधायची.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि जे पुण्या-मुंबईच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत तुम्हाला सापडणार नाही, ते सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्या भागात गोंड, कोलाम, परधान समाजात आणि इतरही अनेक समाजांत सिकलसेल आहे हे तुम्हाला शाळेच्या तपासणीतून माहीत असेल. ज्याला आपण ‘वाहक’ म्हणतो, म्हणजे एएस पॅटर्नचं मूल, ते एरवी पूर्ण निरोगी असतं आणि खेळू शकतं. पण कडक उन्हात, पाणी न पिता, सवय नसताना एकदम जोरात पळवलं तर अशा मुलांना गंभीर त्रास होऊ शकतो. स्नायू निकामी होऊन जीव गेल्याच्या घटना जगभरातल्या खेळांत नोंदलेल्या आहेत. एसएस म्हणजे ग्रस्त मुलाला डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय संघात घेऊ नका. वाहकाला मात्र वगळू नका. हळूहळू तयारी वाढवा, पाण्यासाठी मधे थांबा, ‘उठ रे, नाटकं नको करू’ हे वाक्य प्रशिक्षकाच्या तोंडून कायमचं बंद करा. अंग आखडलं, पाय ‘जड’ झाले असं पोर म्हणालं की सावलीत, पाणी, आणि लवकर सुधारलं नाही तर 108. तपासणीत कोणाचं काय निघालं हे फलकावर लावायचा विषय नाही. ती यादी प्रशिक्षक आणि आरोग्य सेविकेपुरती. संघटना झाली तर तिच्या नियमावलीत पहिलं कलम मी याचं घालेन, अध्यक्षाच्या अधिकारांचं त्यानंतर.

डोक्याच्या माराबाबतही तसंच. पोर चक्कर आली म्हणालं, भांबावलेलं दिसलं, तर त्या दिवशी ते परत मैदानात नाही, मग अंतिम सामना का असेना. हौशी खेळाडूंसाठी वर्ल्ड रग्बीचं सांगणं आहे की किमान 21 दिवस सामना नाही. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात सीटी स्कॅन नसतो, म्हणून आपण तर जास्तच सावध राहायचं. डोक्याच्या मारावरचा आणि सुरक्षित खेळावरचा वर्ल्ड रग्बीचा ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रशिक्षकाने तो केल्याशिवाय त्याच्या संघाला प्रवेश नाही, असा नियम करणं पहिल्या वर्षीच जमतं. पाचव्या वर्षी जमत नाही, कारण तोवर कोणीतरी कोणाचा तरी माणूस झालेला असतो.

मुलींचं सरांनी वेगळं विचारलेलं नाही, तरी सांगतो: जिल्हा मोठा व्हायचा तर मुलींच्या संघामुळे होईल. मुलांना क्रिकेट, कबड्डी, भरतीची रनिंग असे दहा पर्याय आहेत. भारतीय महिलांच्या पंधरा जणींच्या संघाने 2019 साली मनिलामध्ये सिंगापूरला 21-19 ने हरवून पहिला विजय मिळवला, आणि त्या काळातली सर्वांत गाजलेली खेळाडू स्वीटी कुमारी बिहारमधल्या बाढची, धावपटू म्हणून सुरुवात केलेली. मुंबई-पुण्याची क्लबची परंपरा बिहारकडे नव्हती. तरी तिथल्या राजगीरला आशियाई 20 वर्षांखालील सेव्हन्स स्पर्धा झाली, 2025 च्या ऑगस्टमध्ये. मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक असल्याशिवाय गाडी गावाबाहेर काढायची नाही आणि मुक्कामाची जागा आधी एका बाईने पाहून यायची. हे केलंत की पालक पुढच्या वेळी स्वतः पोरीला स्टँडवर सोडायला येतात.

एवढं झाल्यावर नोंदणी. तीही राज्य संघटनेला पत्र लिहून दोन गोष्टी विचारल्यावरच: यवतमाळला आधीच कोणी संलग्न किंवा हंगामी समिती आहे का, आणि नवीन जिल्ह्याला संलग्नतेसाठी काय लागतं. आधीची समिती असेल, भले ती कागदावरच असेल, तर तिच्याशी बोला. समांतर दुसरी काढू नका. दोन संघटना झाल्या की दोन्हींच्या प्रमाणपत्रांवर प्रश्नचिन्ह लागतं.

वाट मोकळी असेल तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, आणि आपल्या राज्यात त्याच संस्थेची 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. दोन्ही काम यवतमाळच्या धर्मादाय कार्यालयात. सातही जण एका घरातले, एका पक्षातले, एका शाळेतले नकोत. दोन महिला, एक माजी खेळाडू, एक डॉक्टर किंवा निदान आरोग्य खात्यातला माणूस, आणि हिशेब लिहू शकणारा एक जण. बँक खात्यावर दोन सह्या. दरवर्षी ऑडिट. निवडणूक झाली, कोणी राजीनामा दिला, कोणी वारलं, की 90 दिवसांत फेरफार अर्ज. विदर्भातल्या क्रीडा संघटनांची निम्मी भांडणं या न दिलेल्या फेरफार अर्जातून उगवतात: दहा वर्षांनी कार्यालयाच्या परिशिष्टावर अजून जुनेच विश्वस्त असतात, त्यातला एक जण नाराज होतो, आणि तो उठून सांगतो की कायद्याने अजून मीच सचिव. नियमावलीत कार्यकाळाची मर्यादा आत्ताच घाला. केंद्राचा 2025 चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आल्याने वरच्या संघटनांच्या घटना आणि निवडणुकांचे नियम बदलणार आहेत, तेव्हा राज्य संघटनेकडून सध्याचा नमुना मागवून त्याप्रमाणे लिहा. गुगलवरून दुसऱ्या कुठल्या खेळाची नियमावली उतरवून नाव बदलू नका. ‘बॅडमिंटन’ तसंच राहून गेलेली रग्बीची घटना मी स्वतः वाचली आहे.

अध्यक्षपदासाठी तुम्हाला आमदारसाहेबांचं नाव सुचवलं जाईल. उद्घाटनाला बोलवा, मैदानासाठी निवेदन द्या, तालुका क्रीडा संकुलाच्या रखडलेल्या कामाची आठवण करून द्या. पण सही करणारा अध्यक्ष असा हवा जो सामन्याच्या दिवशी सकाळी मैदानावर चुन्याची रेघ बरोबर पडली का ते बघायला येईल. साहेब पडले की त्यांच्यासोबत संघटनाही पडते, आणि निवडून आले तर सहीसाठी तुम्ही मुंबईच्या आमदार निवासात बसून राहाल.

या आठवड्यात करायचं काम एवढंच: राज्य संघटनेला ते दोन प्रश्नांचं पत्र, आणि एक जाड बांधणीची नोंदवही. तिच्यात प्रत्येक खेळाडूचं नाव, जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून, पालकांची सही, आणि आजवर झालेल्या सामन्यांतले जेवढे आठवतात तेवढे निकाल. घाटंजी, मारेगाव, झरी-जामणीकडचे कोणी क्रीडाशिक्षक ओळखीचे असतील तर त्यांनाही तशीच वही घालायला सांगा. एक चेंडू त्यांच्याकडे पाठवून द्या, चौदा वर्षांखालच्यांना चार नंबरचा.